चरण्यापासून विचारण्यापर्यंत

टेक्सस राज्यातील फ्रिस्को या शहराचे नाव उसने आहे. १९०२ साली सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वेच्या मार्गावर, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून एक ठाणे वसले. त्याला प्रथम इमर्सन असे नाव सुचवले गेले, परंतु त्याच राज्यातील दुसऱ्या एका गावाच्या नावाशी ते जुळते म्हणून टपाल खात्याने नाकारले. मग १९०४ मध्ये रहिवाशांनी रेल्वेचेच बोलीतले नाव गावाला दिले. गंमत अशी की, ज्या सॅन फ्रान्सिस्कोवरून हे नाव आले, तिथवर ती रेल्वे कधी पोहोचलीच नाही. रेल्वेच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, याच माळावरून शॉनी ट्रेल नावाची वाट उत्तरेकडे जात असे. टेक्ससमधील लांब शिंगांची गुरे चरत चरत मिसूरीपर्यंत नेणारी ही वाट. आजचा प्रेस्टन रोड बराचसा तिच्याच मागाने जातो. २००० च्या जनगणनेत ३३,७१४ वस्तीचे हे गाव २०२० पर्यंत २,००,५०९ लोकांचे शहर झाले. प्लेनो, फ्रिस्को आणि आसपासच्या कंपन्यांत आलेल्या भारतीय कुटुंबांचा या वाढीत मोठा वाटा आहे. त्यांत तेलुगू घरे पुष्कळ, आणि मराठी, तमिळ, कन्नड, गुजराती, बंगाली घरेही आहेत. हे सगळे शेजारी आपापल्या घरात 'विचार' हा शब्द सर्रास वापरतात. प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ मात्र थोडाथोडा बदलतो.

मराठी बाई शेजारच्या तेलुगू बाईंना धीर देताना म्हणते, 'फार विचार करू नका.' इंग्रजीत चाललेल्या बोलण्यात मध्येच आलेले हे मराठी वाक्य त्या बाईंना अनुवादाशिवाय कळते, कारण तेलुगूत 'विचारम्' म्हणजे दुःख, खंत. दुःख करू नका, असे त्या ऐकतात. ऐकण्यात त्यांची फारशी चूक होत नाही, कारण मराठी बाईलाही तेच म्हणायचे असते. 'मला विचार पडला आहे' असे म्हणणारा मराठी माणूस तत्त्वचिंतन करत बसलेला नसतो, तो काळजीत असतो. डोक्यात चाललेली क्रिया आणि काळजाला लागलेली चिंता यांची ही सांगड कशी पडली, हे पाहायचे तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

शब्दाच्या मुळाशी संस्कृतातील 'चर्' हा धातू आहे. चालणे, हिंडणे, आणि गुरांच्या बाबतीत हिंडत हिंडत गवत खाणे, असे त्याचे अर्थ. मराठीतले 'चरणे' याच घराण्यातले. चरण, चरित्र, चराचर, गोचर हे त्याचे जवळचे नातलग, आणि मागे उपसर्ग लावून झालेले आचार, प्रचार, संचार, उच्चार, उपचार हे सख्खे चुलत. 'वि' लावला की वेगवेगळ्या दिशांनी फिरण्याचा अर्थ येतो, आणि जुन्या वैदिक भाषेत वि-चर् हे क्रियापद इकडेतिकडे फिरण्यासाठीच येते. तिथे फिरतात ते देव, वारे, माणसे. या फिरण्यात मनाचा प्रवेश हळूहळू झाला. एखाद्या प्रश्नाच्या भोवती सर्व बाजूंनी फिरून येणे म्हणजे विचार, ही कल्पना रुजायला काही शतके जावी लागली. मराठीतला 'बिचारा' मात्र या कुळातला नव्हे. तो फारसी 'बेचारा', म्हणजे ज्याच्यापाशी इलाज उरला नाही असा. नुसत्या नादामुळे त्याला विचाराच्या पंगतीत बसवणारे आजही भेटतात.

शब्दाला शास्त्राचा दर्जा प्रथम दिला तो ध्यान करणाऱ्यांनी. बौद्ध परंपरेत पहिल्या ध्यानाच्या अंगांमध्ये वितक्क आणि विचार अशी जोडी येते. वितक्क म्हणजे चित्ताने विषयावर झेप घेणे, आणि विचार म्हणजे तिथे रेंगाळून त्याला न्याहाळत राहणे. पाचव्या शतकात श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' लिहिणाऱ्या बुद्धघोषाने हा फरक पटवायला दृष्टान्तांची रांगच लावली आहे. घंटेवर पडलेला टोला हा वितक्क, तर मागे घुमत राहणारा नाद हा विचार. उडताना पंख फडफडवणे हा वितक्क, तर नंतर पंख पसरून तरंगणे हा विचार. मला त्यातला सर्वांत आवडतो तो कळकलेल्या धातूच्या भांड्याचा: एका हाताने भांडे घट्ट धरायचे आणि दुसऱ्या हाताने तेल-भुकटी लावून घासत राहायचे. धरणारा हात वितक्क, घासणारा हात विचार. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात हाच भेद स्थूल आणि सूक्ष्म अशा दोन शब्दांत आटोपला आहे. कार्ले, कान्हेरी, अजिंठा येथील विहारांत पिढ्यान्‌पिढ्या ध्यानाला बसलेल्या भिक्षूंना ही जोडी पाठ असणार. म्हणजे मराठी भाषा आकाराला येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द सह्याद्रीच्या दगडात राहून गेलेला आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतही समाधीच्या पायऱ्यांमध्ये वितर्कानंतर विचार येतो, आणि सविचार-निर्विचार असे भेद पडतात. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात शब्दाची मूळ चाल अधिक स्पष्ट राहिली आहे. तिथे विचार म्हणजे संक्रांती: अर्थावरून शब्दावर, शब्दावरून पुन्हा अर्थावर, एका योगावरून दुसऱ्यावर चित्ताने केलेले संक्रमण. गुरे गेली, माळ गेला, तरी हिंडणे टिकले.

वेदान्त्यांनी या हिंडण्याला दिशा दिली. ब्रह्मसूत्रांच्या आरंभीच्या जिज्ञासेचा अर्थ भाष्यकार विचार असाच लावतात. योगवासिष्ठात मोक्षाच्या दारावर शम, विचार, संतोष आणि सत्संग असे चार द्वारपाल उभे केले आहेत. इथे विचार म्हणजे मी कोण, हा संसार कोठून आला, असे स्वतःला प्रश्न घालणे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तिरुवण्णामलैच्या रमण महर्षींनी आत्मविचार म्हणून जे सांगितले, तेही प्रश्न घालणेच होते. हा धागा आपण हातात धरून ठेवू, कारण मराठीत या शब्दाचे जे झाले, त्याचे बीज या प्रश्नात आहे.

मराठीत शब्द प्रथम भेटतो तो धर्मग्रंथांत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूरला, म्हणजे आज जिथे मराठी भाषा विद्यापीठ आले आहे त्या अमरावती जिल्ह्यातील गावी, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. केसोबासांनी चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ रचला. त्याच्या प्रकरणांत आचार व आचारमालिका यांच्या जोडीला विचार व विचारमालिका अशी प्रकरणे आहेत. वागावे कसे, हे पहिल्या जोडीत, आणि जाणावे काय, हे दुसऱ्या जोडीत. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पिढीत हा शब्द असा ग्रंथाच्या मथळ्यावर जाऊन बसला. पण त्याच ग्रंथांत कोणाला काही विचारायचे झाले, की क्रियापद येते ते 'पुसणे'. भक्त गोसाव्यांना, म्हणजे चक्रधरांना, पुसतात, गोसावी भक्तांना पुसतात. १२९० च्या ज्ञानेश्वरीतही अर्जुन पुसतोच. हे 'पुसणे' संस्कृत प्रच्छ् आणि प्राकृत पुच्छ् यांच्यापासून आलेले, म्हणजे हिंदीतील 'पूछना'चे भावंड. तेव्हाचा मराठी माणूस पुसे आणि मग त्यावर विचारी, म्हणजे मनात घोळवी. दोन कामांना दोन शब्द होते.

मग पुसणे मागे का पडले? याचे निश्चित उत्तर देणे अवघड आहे, तरी एक तर्क करायला जागा आहे. मराठीत दुसरेही एक 'पुसणे' होते आणि आहे: ओल्या फडक्याने पुसण्याचे, डोळे पुसण्याचे. ते संस्कृत प्रोञ्छ् पासून आलेले. दोन वेगळ्या उगमांचे शब्द झिजत झिजत एकाच आकाराचे झाले, तेव्हा त्यांपैकी एकाला वाट सोडावी लागली असावी. रिकाम्या झालेल्या जागेवर 'विचारणे' सरकले. त्याला फार दूरून यावे लागले नाही, कारण वेदान्ताच्या भाषेत विचार म्हणजे प्रश्न हे आधीच ठरलेले होते. फक्त प्रश्न आता स्वतःऐवजी समोरच्याला घातला जाऊ लागला. हे स्थित्यंतर एका रात्रीत झाले नाही. वऱ्हाडात आजही 'त्याला पुस' असे कानी पडते, आणि प्रमाण मराठीत जुना शब्द नव्याच्या शेपटीला चिकटून राहिला आहे. 'विचारपूस' या शब्दात दोन्ही क्रियापदे शेजारी बसलेली दिसतात, पदभार देणारा आणि घेणारा एकाच छायाचित्रात असावेत तशी.

या बाबतीत मराठी उत्तरेकडच्या भावंडांपासून वेगळी पडली. गुजरातीत 'विचारवुं' म्हणजे विचार करणेच राहिले, आणि विचारायला 'पूछवुं'. हिंदीत तीच तऱ्हा. उलट गोव्याच्या कोंकणीत 'विचारप' म्हणजे प्रश्न विचारणे. कन्नडात 'विचारिसु' म्हणजे चौकशी करणे, तर तमिळमध्ये 'विसारणै' म्हणजे तपास. २०१५ मध्ये पोलीस कोठडीवरचा गाजलेला तमिळ चित्रपट याच नावाचा होता. तेलुगूतही 'विचारण' म्हणजे चौकशी आहेच, शिवाय ते दुःखही. बंगालीत 'बिचार' म्हणजे न्यायनिवाडा, आणि न्यायाधीश तो 'बिचारक'. फ्रिस्कोतील शाळेच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या आयांना एकेक करून विचारत गेलो, तर विचार करणारी, चौकशी करणारी, तपास लावणारी, निवाडा देणारी आणि खंत करणारी अशा सगळ्या एका शब्दापाशी उभ्या दिसतील. समुद्रापलीकडे तर त्याने आणखी रूपे घेतली: मलाय आणि इंडोनेशियन भाषांत 'बिचारा' म्हणजे बोलणे, तर थाई भाषेत 'विचान' म्हणजे टीका, समीक्षा. मराठीचा कल इथे दक्षिणेकडे आहे, असे मला वाटते. कन्नड आणि मराठी यांची शतकानुशतकांची शेजारीण-मैत्री पाहता त्यात नवल नाही.

शिवकालात आणि पेशवाईत शब्दाने दरबारी पोशाख घातला. बखरींत आणि पत्रव्यवहारात विचार येतो तो मसलत, खलबत, सल्ला या फारसी-अरबी मंडळींच्या सोबतीने. एकविचाराने चालावे, विचार ठरवून कूच करावे, हा त्याचा सूर. म्हणजे विचार हा बेत झाला. आज आपण 'उन्हाळ्यात भारतात जायचा विचार आहे' म्हणतो, तेव्हा हाच दरबारी अर्थ घरगुती कपड्यात बोलत असतो. समर्थ रामदासांकडे मात्र जुना अर्थ शाबूत राहिला. दासबोधात विवेकाच्या खांद्याला खांदा लावून विचार चालतो.

शब्दाच्या आयुष्यातले मोठे वळण मात्र छापखान्याने आणले. मोल्सवर्थ आणि त्याच्या पदरी असलेल्या शास्त्रीमंडळींचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत १८३१ मध्ये छापून आला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. विचारणे आणि पुसणे यांचे दुहेरी अर्थ तिथे नोंदलेले सापडतात. त्याच सुमारास वर्तमानपत्रे निघाली. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण, १८४१ मध्ये भाऊ महाजनांचे प्रभाकर, आणि प्रभाकरातच १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे. तोवर विचार ही करण्याची गोष्ट होती. आता ती प्रसिद्ध करण्याचीही गोष्ट झाली. एका माणसाचे विचार, अनेकवचनी, त्याच्या नावासह, दुसऱ्या गावच्या अनोळखी वाचकापर्यंत जाऊ लागले. १८५२ मध्ये पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मिशनऱ्यांच्या प्रचाराला उत्तर देण्यासाठी नियतकालिक काढले, त्याचे नाव 'विचारलहरी'. वेदान्तातला गंभीर विचार लहरींवर स्वार होऊन वादात उतरला, याची ती पावतीच होय. १८७५ पासून न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि विचार 'मांडण्या'ची रीत पडली. पूजा मांडतात, संसार मांडतात, पट मांडतात, तसे विचारही लोकांसमोर मांडले जाऊ लागले.

मांडलेले विचार आणि घरातला आचार यांचा मेळ बसेना, तेव्हा सूत्रपाठातली ती जुनी जोडी पुन्हा ऐरणीवर आली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये सभेनंतर चहा-बिस्किटे आली, आणि त्यावरून उठलेल्या ग्रामण्यात रानडे-टिळकांसारख्यांना पुढे प्रायश्चित्त घेण्यापर्यंत पाळी आली. एक पेला चहाने विचार आणि आचार यांतले अंतर सगळ्या महाराष्ट्राला दाखवले. आगरकर तर १८८८ मध्ये 'सुधारक' काढल्यापासून याच अंतरावर बोट ठेवत होते. दुसरीकडे टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गीतारहस्यात क्षराक्षरविचार, क्षेत्रक्षेत्रज्ञविचार अशी जुन्या शास्त्रीय वळणाची प्रकरणनामे ठेवली. एकाच शहरात, एकाच पिढीत, शब्दाचे दोन्ही अवतार नांदत होते.

विसाव्या शतकात शब्दाची वंशावळ फारच फोफावली. विचारवंत, विचारसरणी, वैचारिक साहित्य, विचारस्वातंत्र्य. विनोबांनी आपल्या टिपणांना 'विचारपोथी' म्हटले. श्री. म. माटे यांनी निबंधसंग्रहांना 'विचारशलाका', 'विचारमंथन' अशी नावे दिली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी अंगीकारलेल्या संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्यांची यादी मराठीत विचारापासूनच सुरू होते, आणि शाळकरी मुले ती रोज परिपाठात म्हणतात. त्याच परिपाठात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत खडूने 'सुविचार' लिहिला जातो. इथे मात्र मला शब्दाची थोडी कीव येते. ज्याच्यासाठी बुद्धघोषाने भांडी घासली, तो आता दीड ओळीत मावतो आणि पुसायच्या फडक्याची वाट पाहतो. मोबाइल आल्यावर तर गुलाबाच्या फुलावर चढून तो पहाटे पाचलाच येऊ लागला. धनी न सापडलेल्या प्रत्येक सुविचाराखाली व. पु. काळे यांचे नाव टाकण्याचा प्रघातही पडला. राजकारणात तो 'फुले-शाहू-आंबेडकरांचे विचार' असा वारसाहक्काने येतो. शिवाजी पार्कवरच्या दसरा मेळाव्याने तर आपट्याच्या पानांच्या जोडीला 'विचारांचे सोने' आणले.

क्रियापदाने मात्र असला कोणताही मोठेपणा मिरवला नाही. ते बाजारात, घरात, चावडीवर राबत राहिले आणि त्यामुळेच श्रीमंत झाले. 'गर्दी तर विचारूच नका.' 'म्हातारपणी कोण विचारतो?' 'पैसा संपला की कुत्रंही विचारत नाही.' इथे विचारणे म्हणजे किंमत देणे, दखल घेणे. 'त्याने तिला विचारलं' एवढेच म्हटले, की काय विचारले हे सांगावे लागत नाही. आणि तिने 'विचार करून सांगते' म्हटले, की विचारणे आणि विचार करणे, ही दोन्ही भावंडे एकाच प्रसंगात समोरासमोर येतात.

आता पुन्हा फ्रिस्को. उत्तर अमेरिकेतील मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ ची, आणि तिचे २०१९ चे अधिवेशन फ्रिस्कोजवळच्याच डॅलसला झाले. या परिसरातील मराठी घरांत आठवड्याचे पाच दिवस इंग्रजी आणि सुटीच्या दिवशी मराठी शाळा, असा मुलांचा क्रम असतो. या शाळांतून शब्दाला आणखी एक अर्थ फुटू पाहत आहे. इंग्रजीत मत देण्यासाठी आणि चिंतन करण्यासाठी एकच क्रियापद पुरते. मराठीत मत सांगायला 'वाटणे' आहे. मुले मात्र म्हणतात, 'मी विचार करते की उद्या पाऊस पडेल.' शिक्षिका 'मला वाटतं' असे दुरुस्त करतात, आणि दहा मिनिटांनी तेच वाक्य पुन्हा येते. काही मुले दोन्ही भावंडांची मोट बांधून 'मी एक प्रश्न विचार करू?' असे विचारतात. शुद्धतेच्या कडव्या आग्रहाने याकडे पाहावे, असे मला वाटत नाही. पुसण्याची जागा विचारण्याने घेतली, तेव्हाही कोणीतरी कान टवकारले असतीलच. पण 'वाटणे' हातचे जाऊ देऊ नये, एवढे मात्र शिक्षिकांच्या बाजूने म्हणेन. ते क्रियापद मनाचे आहे, आणि मुलांच्या इंग्रजीत त्याला तोड नाही.

अशाच एका घरातून शनिवारी सकाळी नाशिकला व्हिडिओ कॉल लागतो. नातीने शॉनी ट्रेलचे चित्र काढले आहे: माळ, दोन घोडेस्वार, लांब शिंगांची सात गुरे. ती चित्र कॅमेऱ्यासमोर धरते आणि इंग्रजीतल्या सवयीने मत मागते, 'आजी, तू काय विचार करतेस?' आजी म्हणते, 'तुझाच गं, दुसरा कोणाचा करणार?' मग जेवलीस का, थंडी किती, खोकला थांबला का, अशी यथासांग विचारपूस होते. चित्र कसे झाले, ते सांगायचे राहूनच जाते.